ज्याच्या त्याच्या परसानं

तृप्तीनं मालवणचा फोटो शाळेत नेला अन भांडण आमच्या घरात लागलं.

फोटोत ती समुद्राच्या पाण्याखाली होती. तोंडात नळी, डोळ्यावर मोठी काच, पाठीवर टाकी, बाजूनं पिवळे पट्टेवाले मासे. दोन्ही अंगठे वर. आमचा राजानंद तिच्याच वर्गात हाय, पाचवीत. शाळा सुटली तसा तो दप्तर पाठीवर ठेवून, चपला न काढता, सरळ माझ्यासमोर येऊन उभा राह्यला. मी कंप्रेसरच्या पायपाला क्लिप बसवून राह्यल्ते.

"मोनाताई, तृप्ती बारा मीटर गेल्ती."

"कुठं?"

"खाली. समुद्रात. दहा वर्षाच्या लेकराला बारा मीटरपर्यंत जाऊ देतेत. नियमच हाय तसा, तिनं मोबाईलवर दाखवला. अन मी पाणबुड्याचा पोरगा असून मला दोन परसाच्या खाली जायचं न्हाई!"

"चपला काढ आधी."

"पोरं काय म्हणून राह्यलेत माहीत हाय का? पाणबुड्याचं पोरगं कोरडंच."

मला राग यायला येवढं पुरतं. पण कोणावर काढावा ते कळंना, म्हणून क्लिप येवढी आवळली की तिचा आटाच गेला.

पाणबुड्या म्हणजे आमचे पप्पा, पुंजाराम. वाटूरपासून मंठ्यापर्यंत कोणाच्या विहिरीत मोटार अडकली, दोर तुटून पंप तळाला गेला, पायपाच्या टोकाची जाळी गाळानं बसली, की पप्पाला फोन येतो. अॅपेत कंप्रेसर टाकायचा, पंक्चरवाल्याकडं असतो तसाच, पण पेट्रोलवरचा. त्याच्या टाकीला दोन लांब पायपा. एक पप्पाच्या तोंडात, एक माझ्या. कंबरेला दगडं शिवलेला पट्टा, डोळ्याला जालन्याहून आणलेला चष्मा. झालं आमचं मालवण.

मी नववीतून शाळा सोडली तव्हापासून पप्पासंग जाते. सोडली म्हणजे काय, सायन्सचे सर शिकवून राह्यल्ते, पाणी वरून दाबतं. मी म्हणलं, सर, वरूनच न्हाई, खालून, बाजूनं, सगळीकडून दाबतं, मी पाहिलंय. सर म्हणले, विहिरीतली बेडकी, खाली बस. मी डस्टर फेकलं. सरांना लागलं न्हाई, तरी माफी माग म्हणले. मी मागितली न्हाई. मम्मी अजून म्हणती की येवढं एक वाक्य बोलली असती तर आज अकरावीला असती. असंल.

आता परस. माणूस सरळ उभा राहून हात वर करतो, तव्हा टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत जेवढं होतं तो एक परस. इकडं विहिरीचं पाणी त्यातच मोजतेत. बाकीचे लोक मोठ्या माणसाच्या परसानं मोजतेत, आमच्या घरात ज्याच्या त्याच्या. प्रत्येकाची दोरी वेगळी. त्याचं जेवढं अंग, तेवढ्या अंतरावर एकेक गाठ, गाठीत मम्मीच्या जुन्या साडीची चिंधी. पप्पाचा परस सात फुटाचा, राजाचा साडेपाच. लेकरू वाढलं की दोरी नवीन, अन तेवढंच खोल जास्त. त्यात कोणाचा लाड न्हाई. पप्पाचा नियम: बारा वर्षाचं होईस्तोर तोंडात पाईप न्हाई. दम धरून, सोबत कोणीतरी घेऊन, स्वतःच्या परसानं दोन परस. बास.

त्या दिवशी जेवताना राजानं परत काढलं.

"पप्पा, समुद्रात दहा वर्षाला जाऊ देतेत."

"देत असतील. तिथं पाठीवर चांगली टाकी असती, बाजूला शिकलेला माणूस असतो, वर बोट असती. इथं वर कोण हाय? बद्रीनाथची म्हैस?"

"मोनाताई हाय ना."

"मोनाताई सोळाची हाय."

"तिला तर तुम्ही अकराव्या वर्षी पाईप दिल्ता!"

"ती चूक झाली."

मम्मी भाकरी थापता थापता म्हणली, "कोणती? पाईप दिला ती, का मोनाली झाली ती?"

पप्पा हसले. मी पण हसले. राजा हसला न्हाई. त्यानं ताट सरकवलं अन उठून गेला. मम्मी, तिचं नाव सत्यशीला, अंगणवाडीत मदतनीस हाय, लेकरं रुसली की तिला लगेच कळतं. ती म्हणली, "राहू द्या, भूक लागल्यावर येतो." तो आला न्हाई. दुसऱ्या दिवशी डब्बा पण तसाच परत आणला.

मला त्याचं वाईट वाटलं का राग आला, ते मला आज पण सांगता येत न्हाई. मी अकरा वर्षाची असताना पप्पाच्या हाताला धरून खाली गेल्ते. वर सूर्य कसा पिठाच्या गोळ्यावानी दिसतो, आपल्याच तोंडातले बुडबुडे कसे आपल्याआधी वर पळतेत, ते सगळं मी पाहिल्तं. त्यानं काऊन पाहू न्हाई? अन ती तृप्ती, जिच्या आजोबाच्या, बद्रीनाथ अप्पाच्याच, विहिरीतली जाळी आम्ही काढतो, तिनं आमच्या पोराला कोरडं म्हणायचं कारण द्यावं?

शनिवारी मी त्याला म्हणलं, "उद्या पप्पा मंठ्याला साखरपुड्याला चाललेत. कंप्रेसर अॅपेसगट बद्रीनाथ अप्पाच्या विहिरीवरच हाय. तीन परस. तुझ्या परसानं. त्याच्या खाली एक बोट न्हाई. कोणाला बोललास तर मी तुझी सायकल विहिरीत टाकीन, अन काढणार पण न्हाई."

त्यानं मला मिठी मारली. तो अकरा वर्षाचा झाल्यापासून कोणाला मिठी मारत न्हाई. त्याचं नाक माझ्या खांद्याला लागलं, ओलं होतं.

ते मला बराबर कळलं. त्याला सर्दी होती. सकाळपासून तो बाहीला नाक पुसून राह्यल्ता, अन मी पाहायला लागले की पुसायचं थांबायचा. मला बारीकसारीक सगळं दिसतं, गावात माझी ख्याती हाय तशी. ते पण दिसलं. मी न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. एप्रिल संपत आल्ता, पाणी बरंच खाली गेल्तं. बद्रीनाथ अप्पा गोठ्यात होते. मी लांबूनच ओरडले, "अप्पा, जाळी राह्यली साफ करायची!" ते म्हणले, "कर बाई, चहा पाठवू का?" इतका सरळ माणूस. मला कसंतरी झालं, पण तेवढ्यापुरतंच.

तृप्ती मागं लागून आली. नवीन फ्रॉक, हातात कुरकुरे. राजा तिच्याकडं पाहून म्हणला, "बघत राह्य आता."

वर कोणीतरी लागतंच, म्हणून मी माझ्या कंबरेला एक दोरी बांधली अन तिचं टोक धरायला तृप्तीलाच बसवलं. आज लिहिताना अंगावर काटा येतो. अकरा वर्षाच्या पोरीच्या हातात दोरी दिली अन तिला सांगितलं, "एक झटका म्हणजे बराबर चाललंय. दोन झटके म्हणजे अप्पाला हाक मार अन दोघं मिळून ओढा. इंजिन बंद पडलं तरी हाक मार."

"मोनाताई, आमच्या तिथल्या सरांनी ना…"

"तुझं मालवण ठेव तिकडं."

"पण ऐक तर, मी तर तिथं…"

"तृप्ती, दोरी धर अन गप बस!"

ती गप बसली. मी अॅपेतून गाठीची दोरी ओढली, टोकाला दगड बांधला, पाण्यात सोडली. इंजिन चालू केलं, धूर वाऱ्यानं आमच्याकडं येणार न्हाई असं फिरवून ठेवलं. राजाला पायऱ्यावर बसवून पंधरा मिनिटं नुसतं पायपातून श्वास घ्यायला लावला, पाण्याच्या वरच. घे, सोड. घे, सोड. "खाली काय पण झालं तरी दम धरायचा न्हाई. पायपातली हवा दाबून येती. ती छातीत अडकून तू वर पळालास तर छाती फुटती, फुग्यावानी. समजलं?"

"समजलं."

"कानात दुखलं तर?"

"नाक दाबून वारं काढायचं. न्हाई निघालं तर तुला सांगायचं."

"कसं?"

त्यानं कानाला बोट लावून दाखवलं.

"मंग चल."

पहिला परस गरम असतो. ऊन पाण्यात उतरलेलं असतं, हिरवं, चहाच्या गाळणीतून आल्यावानी. राजाचे डोळे चष्म्याच्या मागं येवढाले झाल्ते. एका हातानं दोरी, एक हात माझ्या हातात. त्याच्या तोंडातून बुडबुडे निघाले, ते पाहायला त्यानं मान वर केली, अन तो हसला. पायपाच्या बाजूनं हसू बाहेर आलं अन थोडं पाणी आत गेलं. मला पण हसू आलं. त्या वेळी मला वाटलं, बरं केलं आणलं.

पहिली गाठ आली. मी बोट दाखवून विचारलं, बराबर? त्यानं नाक दाबलं, मान हलवली. बराबर.

त्याच्या खाली पाणी एकदम थंड लागतं, जशी कोणी रेघ मारून ठेवल्ती. उजेड कमी झाला. दुसरी गाठ. मी विचारलं. त्यानं अंगठा वर केला. तृप्तीच्या फोटोत होता तसा.

तिसऱ्या गाठीपर्यंत जाताना त्याचा हात माझ्या हातात कडक व्हायला लागला. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, तर त्यानं दोन्ही अंगठे वर केले. दोन्ही! दोरी सोडून. मी त्याच्या पायाकडं पाहिलं. पायाची बोटं आत वळून मुठीवानी झाल्ती. लहानपणी सुई टोचायला नेलं की तो असाच करायचा. रडायचा न्हाई, पायाची बोटं आवळायचा. मम्मीला पण हे माहीत न्हाई, मलाच माहीत हाय.

अन मंग मी गाठ पाहिली. गाठीच्या बाजूला दोर कातरलेला होता, मागच्या वर्षी मोटारीच्या कडेला घासून. ती पप्पाची दोरी होती. अॅपेत हात घातला की माझ्या हाताला रोज तीच येते. राजाची दोरी तशीच गुंडाळून पडलेली असणार. आम्ही पप्पाच्या परसानं तीन परस आल्तो. पोरगं साडेचार फूट जास्त खाली होतं, सर्दी असताना, अन दोन्ही अंगठे वर करून उभं होतं.

मी वर बोट दाखवलं. त्यानं मान हलवली. न्हाई. तळाकडं बोट दाखवलं, तळ दिसून राह्यल्ता, काळा, एकच परस खाली. त्याला तो हात लावून यायचा होता, मूठभर गाळ घेऊन, तृप्तीच्या समोर टाकायला. मी परत वर बोट दाखवलं. त्यानं हात झटकला.

मंग त्याच्या कानात काहीतरी झालं. त्यानं दोन्ही हात डाव्या कानावर नेले, डोळे गच्च मिटले, अन पायानं पाणी मारलं. वर. दम धरून. गाल फुगलेले मला दिसले.

मी त्याची कंबर पकडली. येवढी जोरात की नंतर चार दिवस वळ होते. त्यानं मला लाथा मारल्या. माझा चष्मा सरकला, पाणी आत आलं. मी त्याला पोटाशी घेतलं, जसं लहान असताना घ्यायचे, अन एक हात त्याच्या पोटावर ठेवून दाबलं. सोड. त्याच्या तोंडातून बुडबुडे निघाले. हात ढिला केला. घे. परत दाबलं. सोड. त्याला कळलं. पोट माझ्या हाताखाली वर-खाली व्हायला लागलं. मी पाय हळूच हलवत होते, बुडबुड्यांच्या पुढं जायचं न्हाई येवढंच डोक्यात. दुसऱ्या गाठीपाशी थांबलो. त्यानं डोकं माझ्या गळ्यात खुपसलं होतं. मला काय बोलता येत नव्हतं, तोंडात पाईप. नुसतं दाबत होते, सोडत होते. सोड. घे. सोड. पहिली गाठ. गरम पाणी. ऊन.

वर आलो तर त्याच्या नाकातून पातळ रक्त येत होतं, पाण्यात मिसळून गुलाबी. मी त्याला पायरीवर बसवलं. त्यानं पाईप तोंडातून काढला अन पहिलं वाक्य काय बोलला?

"मी तळाला जाणारच होतो!" अन माझ्या दंडाला चावला.

तृप्ती दोरी टाकून खाली आल्ती. रक्त पाहून तिनं भोकाड पसरलं. "मी सांगतच होते! मी बारा मीटर न्हाईच गेले! तो नियम मोबाईलमधला हाय. मला सरांनी एवढुसंच नेल्तं, ह्या वरच्या पायरीपासून त्या पायरीपर्यंत, अन सगळा वेळ कडेवर घेतल्यावानी धरल्तं. अन मी रडले पण. फोटो काढताना फक्त थांबले."

तिला मीच गप बसवल्तं.

राजा माझ्याकडं वळला. डोकं एका बाजूला कलतं करून. "काय म्हणून राह्यली ती?"

ती त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, बोंबलून राह्यल्ती.

पप्पाचा उजवा कान गेलेला हाय. आमच्या घरात सगळे पप्पाच्या डावीकडून चालतेत, डावीकडं जेवायला बसतेत, मागून गाडी आली तर आम्ही त्यांची बाही ओढतो. मला त्याची इतकी सवय हाय की तो कान कधी चालू होता असं वाटतच न्हाई. अन आता हे लेकरू मान कलती करून उभं.

मी तिथूनच फोन लावला. खोटं बोलायचं मनात आलं न्हाई, आलं असतं तरी जमलं नसतं. सगळं सांगितलं. पाईप, दोरी, सर्दी, पायाची बोटं. तिकडं साखरपुड्याचा बँड वाजून राह्यल्ता. पप्पा येवढंच बोलले, "कोणता कान?"

"डावा."

"कोरडा ठेव. तेल-बिल काही घालू देऊ नको कोणाला. आलोच."

पाऊण तासात कोणाच्यातरी मोटरसायकलवर आले, कपाळावर टिळा तसाच. मला वाटलं आता मारतील. मी तयार होते, मारले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच न्हाई. राजाला अॅपेच्या सीटवर बसवलं, मागं उभे राह्यले, अन त्याच्या डाव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकावर चोळली.

"येतंय का ऐकू?"

"येतंय."

परत चोळली. "आता?"

"आता पण."

पप्पाचा जीव भांड्यात पडला. पण मी राजाचे डोळे पाहून राह्यल्ते.

"पप्पा, तो आरशात पाहून सांगतोय."

अॅपेच्या बाजूच्या आरशात पप्पाचा हात दिसत होता. पप्पांनी आरसा फिरवला. परत चोळली. राजा गप बसला. मंग हळूच रडायला लागला, आवाज न करता.

जालन्याला जाताना मम्मी राजाला मांडीवर घेऊन मागं बसली. मी पप्पाच्या बाजूला, डावीकडं. वाटूर फाटा मागं पडला तव्हा मी तोंड उघडलं.

"पप्पा, मारा मला."

"गाडी चालवू दे."

मंग पप्पाच बोलायला लागले. रस्त्याकडं पाहून.

"माझा बाप पण हेच काम करायचा. तव्हा कंप्रेसर-बिंप्रेसर न्हाई, दम धरून जायचं. लोकांच्या कळश्या, बादल्या काढायच्या. मी आठ वर्षाचा होतो. एका कळशीपायी चार परस गेलो, बापाच्या परसानं. खालीच कानात फट्ट झालं. वर आलो तर सगळी विहीर टाळ्या वाजवून राह्यल्ती. वा रे पठ्ठ्या. बाप येवढा खुश झाला की मला खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं. मंग मी काय सांगणार? उशीला पू लागायचा. मी उशी उलटी करून ठेवायचो."

"आज्यानं पाहिलं न्हाई का?"

"त्याला दिसलं न्हाई. मी दिसू दिलं न्हाई. पाणबुड्याच्या पोरानं दुखतंय म्हणायचं नसतं असं मला वाटायचं."

"मला दिसल्तं, पप्पा. सर्दी मला कालच दिसल्ती."

पप्पांनी गिअर बदलला. मंग म्हणले, "खाली पण तुलाच दिसलं ना. पायाची बोटं. नाहीतर आज आपण वेगळ्याच दवाखान्यात चाललो असतो." अन डोळे पुसायला त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

रविवार असून एक कानाचे डॉक्टर भेटले. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं, अन पहिलाच प्रश्न विचारला, "सर्दी होती का?" मी म्हणलं, "हो." डॉक्टर म्हणले, पडदा लाल झालाय, सुजलाय, मागं पाणी भरलंय, पण फाटल्यासारखा दिसत न्हाई. ऐकू यायला वीस दिवस लागतील, महिना पण लागंल. परत येईल असं वाटतंय, पण मी लिहून देत न्हाई. अन पाण्यात दोन महिने पाय पण घालायचा न्हाई.

मम्मीनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, लेकरानं किती खोल जावं? तिकडं समुद्रात बारा मीटर म्हणतेत."

डॉक्टर हसले. "ताई, ते निरोगी लेकरासाठी, शिकलेल्या माणसासोबत, अन ती जास्तीत जास्त हद्द हाय. तिथपर्यंत गेलंच पाहिजे असं न्हाई. सर्दी झालेल्या लेकरानं बादलीत पण डोकं घालू न्हाई."

घरी आल्यापासून मी रोज सकाळी एकच काम करायचे. राजा दात घासायला बसला की त्याच्या डाव्या बाजूला मागून जायचं, उजव्या कानावर त्याचा त्याला हात ठेवायला लावायचा, अन हळूच काहीतरी बोलायचं. "राज्या, गाढवा." काही न्हाई. "राज्या, तुझ्या ताटातली भाजी मी खाल्ली." काही न्हाई. तो ब्रश फिरवत राहायचा. मी घरामागं जाऊन बसायचे. कंप्रेसर पप्पा एकटे घेऊन जायचे. मला बोलवलं न्हाई, मी पण विचारलं न्हाई. पाण्यात जायचं नाव काढलं की माझ्या हाताला त्याचं पोट लागायचं.

तृप्ती रोज यायची. एकदा तिनं तो फोटोच आणून राजाला दिला. "घे, ठेव तुझ्याकडं." तो म्हणला, "मला कशाला? तूच रडकी दिसतेस त्यात." मंग दोघं बसून फोटोत तिचं रडणं शोधून राह्यल्ते.

अठराव्या दिवशी मी मागून म्हणलं, "तुझी सायकल मी बद्रीनाथ अप्पाला देऊन टाकली."

ब्रश थांबला.

"काऊन?" तो गर्रकन वळला, तोंडात फेस. "माझी सायकल हाय ती!"

मी त्याला उचललं. फेस माझ्या केसाला लागला. तो "सायकल कुठं हाय, सायकल कुठं हाय" ओरडत होता अन मी "परत म्हण, परत म्हण" म्हणून राह्यल्ते. मम्मी पिठाचे हात घेऊन बाहेर आली, तिला आमच्या ओरडण्यावरूनच कळलं. तिनं राजाच्या डाव्या कानाचा मुका घेतला, मंग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. अठरा दिवस साठवलेला होता, लई लागला.

डॉक्टरांनी परत पाहिलं, बरा हाय म्हणले. तरी दोन महिने पूर्ण करा म्हणले. केले. जूनच्या शेवटी, एका सकाळी, पप्पाच म्हणले, "चला, पोहून येऊ."

विहिरीवर गावातली सात-आठ पोरं होती, तृप्ती पण. राजा पायरीवर उभा राह्यला. मी त्याची दोरी घेतली, गाठी दोनदा हातानं मोजून पाहिल्या, अन त्याच्या आधी पाण्यात उतरले.

"किती जाऊ?" तो म्हणला.

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"दुखंपर्यंत न्हाई," मी म्हणलं. "दुखायच्या आधीपर्यंत. ते कुठं असतं ते मला माहीत न्हाई, तुला माहीत हाय. अन मला खोटे अंगठे दाखवलेस तर मी तुझे अंगठेच मोडीन."

दम धरून आम्ही दोघं खाली गेलो. मी त्याच्या समोर, तोंडाकडं तोंड. पहिली गाठ. तो नाक दाबून पुढं सरकला. दुसरी गाठ खाली दिसत होती, अर्धा परसच राह्यल्ती, त्याला सहज लागली असती. वर पोरांची डोकी दिसत होती, सगळी वाकून पाहून राह्यल्ती.

तो थांबला. डोळे बारीक केले, जसा काही ऐकून राह्यलाय. मंग कानाला बोट लावलं, वळला, अन स्वतःच वर निघाला.

मी मागून वर आले तव्हा तो पायरीला धरून, सगळ्या पोरांच्या समोर, नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होता.

"दुखाय लागलं म्हणून आलो! थोडंच! पण लागलं!"

विहिरीतून ते दोनदा घुमलं. पोरं हसली. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं पण न्हाई, पप्पाकडं पाहून राह्यल्ता.

"किती गेलास?" पप्पांनी विचारलं.

"दीड."

"लई झालं," पप्पा म्हणले, अन त्याला वर घ्यायला हात दिला.